रोज शर्यतीचे बूट घालणाऱ्या बाई

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. दारात उभ्या राहून त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. मला वाटलं, धुळीचे पाय घेऊन आले म्हणून रागावल्या असतील. मी घाईघाईने बूट काढायला वाकले, तर म्हणाल्या, "एक इकडे दे बघू."

मी एक बूट दिला. मंडईत कोबी तोलून बघावा तसा त्यांनी तो तळहातावर खालीवर केला आणि आत तोंड करून हाक मारली, "अहो, या जरा. ही पोरगी पायांत वरवंटे बांधून हिंडतेय."

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात, माल तपासायच्या खात्यात मला नुकतीच नोकरी लागली होती. तिथे पायावर काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून लोखंडी टोपीचे जड बूट सक्तीचे होते. मी तसं सांगितलं.

"मग कारखान्यात घाल. येता-जाता कशाला ओझं?" बाई म्हणाल्या आणि बूट परत दिला. एवढ्यावर खोली माझी झाली. पाणी किती वाजता येतं, कचरा कुठे टाकायचा, हे सगळं मागाहून त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, सांगितलं. बाईंची अट एकच होती. जिन्यावर पाय आपटायचे नाहीत.

बाई शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गल्लीतलं सगळं जग त्यांना बाईच म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायला लागले. साठीला टेकलेल्या, काटकुळ्या, केसांचा घट्ट अंबाडा. पळायला जाताना पंजाबी ड्रेस आणि ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारलेली. आणि पायांत ते बूट.

ते बूट म्हणजे पळणारे लोक फक्त शर्यतीच्या दिवशी बाहेर काढतात तसले होते. पातळ तळ, वर जाळीचं कापड, पिकल्या पपईचा रंग. हातात घेतले तर रिकामं खोकंच हातात दिलंय की काय असं वाटावं. बाई ते रोज घालायच्या. पळायला तर घालायच्याच, पण दूध आणायला, बँकेत, गणपतीच्या वर्गणीच्या मीटिंगला, सगळीकडे. साहजिकच ते भराभर झिजायचे. झिजलेल्या जोडांत माती भरून बाईंनी गच्चीवर कोथिंबीर लावली होती. "जाळी आहे ना, पाणी आपोआप निथळतं," असं त्या आल्यागेल्याला दाखवायच्या. आमच्या घरी पोह्यांवर पडणारी कोथिंबीर कित्येक मैल पळून आलेली असायची.

गंगापूर धरणाच्या रस्त्याला सकाळी पळणाऱ्यांचा एक गट होता. त्यांच्या म्होरक्यांना सगळे सर म्हणत. माणूस सज्जन, शिस्तीचा. त्यांना बाईंचे बूट बघवत नसत.

"बाई, राग मानू नका," ते एकदा माझ्यादेखत म्हणाले, "पण हे रेसचे बूट आहेत. रोजच्या सरावाला जाड तळाचे घालायचे आणि हे रेसला. रोज घातलेत तर तळ जाईल, आणि तळाच्या आधी पोटऱ्या जातील."

"सर, वर्षभर म्हशीसारखं डुंबायचं आणि एक दिवस हरणासारखं उडायचं," बाई जागच्या जागी उड्या मारत म्हणाल्या, "मग पायाला बिचाऱ्याला कळावं कसं, की आज आपण कोण आहोत?"

सरांनी हात जोडले आणि पुढे निघून गेले. बाई त्यांच्या मागोमाग गेल्या आणि त्यांना मागे टाकूनही गेल्या.

हा नियम बुटांपुरता नव्हता हे मला हळूहळू कळलं. त्या घरात कुठलीही चांगली वस्तू कपाटात पडून राहत नसे. लग्नात आलेला काचेचा सेट रोजच्या चहाला. पेटीतला सगळ्यात चांगला आंबा सगळ्यात आधी. काकांना भाचीच्या लग्नात मामाचा मान म्हणून रेशमी झब्बा मिळाला होता. तो बाईंनी त्यांना एका मंगळवारी भाजी आणायला घालायला लावला. काका एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, देहाने भरलेले आणि स्वभावाने गार. त्यांनी निमूटपणे झब्बा घातला आणि पिशवी घेऊन निघाले. भाजीवाली म्हणाली, "काका, आज कुणाचं लग्न?"

"रोजचंच आमचं," काका म्हणाले. हे त्यांनी मला इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की हसावं की नाही ते मला कळेना.

मी एकदा त्यांना विचारलं, की बाईंना हे बुटांचं वेड कुठून लागलं. काका म्हणाले, "मला ठाऊक आहे. पण ते तिनेच सांगायचं. मी सांगितलं तर त्याची बातमी होईल." मी मग विचारणं सोडलं.

माझ्या आणि बाईंच्या पायाचं माप एकच निघालं. त्यामुळे माझी सुटका नव्हती. त्यांनी त्यांचा एक अर्धा झिजलेला जोड मला दिला, आणि वर ताकीद दिली. पहिले काही दिवस नुसतं गच्चीवर चालायचं. मग मागच्या मैदानावर, गवतातून, लिंबाच्या झाडापर्यंत पळत जायचं आणि चालत परत यायचं. डांबरी रस्त्याचं नाव काढायचं नाही.

मी आठवडाभर ऐकलं. मग एक दिवस बाई सिन्नरला माहेरी गेल्या होत्या, तेव्हा मी सरळ धरणाच्या रस्त्याला लागले. आणि काय सांगू, पायांत काही नाहीच असं वाटत होतं. कधी नव्हे ते मी पळत होते आणि मला मजा येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठले आणि जमिनीवर पाय टेकवताच किंचाळले. पोटऱ्यांत कुणी दगड भरले होते. कारखान्याचा जिना कसाबसा चढता आला, पण उतरवेना. शेवटी कठड्याला धरून उलटी उतरत होते, तर आमचे सुपरवायझर खालून म्हणाले, "मॅडम, रिव्हर्स हॉर्न तरी वाजवा."

बाई परत आल्यावर त्यांना काही सांगावं लागलं नाही. मी जिना कशी चढले यावरून त्यांनी ओळखलं. गरम पाण्याची बादली घेऊन आल्या आणि माझे पाय त्यात बुडवून समोर बसल्या.

"हलके बूट म्हणजे हलकं काम नाही गं," त्या म्हणाल्या. "जाड बूट तुझं काम करतात. हलके बूट तुझं काम तुलाच देतात. तुझ्या पोटरीने जन्मात कधी काम केलंय का? आधी तिची ओळख तरी होऊ दे."

माझी आई विंचूरहून कांद्याची पिशवी घेऊन मला भेटायला आली तेव्हा बाई नुकत्याच पळून आल्या होत्या. आईने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग बुटांकडे.

"बाई, हे बूट हाय का मोजं?"

"घालून बघा," बाई म्हणाल्या आणि तिथेच बूट काढून दिले. आई नको नको म्हणत होती, पण बाईंपुढे नको चालत नसे. आईने बूट घातले, नऊवारीचा ओचा सावरला आणि गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला माझी आई, जिला मी आयुष्यात कधी पळताना बघितलं नव्हतं, चक्क दुडक्या चालीने पळाली. कोथिंबिरीपाशी थांबली, धापा टाकत हसली आणि म्हणाली, "लय गोड हाय हे! पायात काय हायच नाय!" गावी गेल्यावर तिने हे कुणाला सांगितलं नाही, पण पुढे दर फोनवर "बाईंचे बूट कसे हायेत?" असं विचारायची. बाई कशा आहेत हे त्यातच आलं.

मी तिथे राहायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी शहरात एक मोठी शर्यत व्हायची होती. दहा किलोमीटरची. बाईंनी नाव नोंदवलं, माझंही नोंदवलं, आणि मला ते चहा पिताना सांगितलं. तोवर त्या आपल्या मर्जीने पळायच्या, कुणाशी स्पर्धा म्हणून नाही. पण त्या गटातला एक तरुण सहज बोलून गेला, "आजी, दहा जमेल? पाचची पण असते." तो चांगल्या मनाने म्हणाला असेल. बाई हसल्या. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या नेहमीचा धरणाचा रस्ता सोडून पांडवलेणीच्या चढाकडे जायला लागल्या. रोज. त्याच पातळ बुटांत, आणि रोज कालच्यापेक्षा जास्त.

काही दिवसांनी मी सकाळी दार लावून निघत होते, तेव्हा बाई जिना चढत होत्या. त्या घरात राहून माझेही कान तयार झाले होते. एक पाऊल नेहमीसारखं अलगद पडत होतं, दुसरं घासत येत होतं.

"बाई, डावा पाय?"

"काही नाही. खडा गेला होता."

"बूट काढून दाखवा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आजवर माझे बूट त्यांनी काढायला लावले होते, मी त्यांना पहिल्यांदाच सांगत होते. मग त्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी बूट काढला. टाचेच्या वरची शीर सुजून बोटाएवढी जाड झाली होती.

हाडांची डॉक्टर बाईंचीच विद्यार्थिनी निघाली. बाई आत गेल्या तशी ती खुर्चीतून उठून उभीच राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आज ओरडायची पाळी तिची आहे. तरी बऱ्यापैकी ओरडली. सूज पूर्ण उतरेपर्यंत पळणं बंद. त्यानंतर जाड तळाचे, टाचेला उंच बूट. हलके बूट सगळ्यात शेवटी, तेही गवतावर, एखादी फेरी, दुखलं नाही तरच.

"आणि शर्यत?" बाईंनी विचारलं.

"तोवर बरं वाटलं तर जाड बुटांत. आणि शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने. गप्पा थांबल्या की बाई, तुम्ही थांबायचं."

"म्हणजे बुटांचा दोष म्हणतेस तू."

"नाही बाई. बूट तर वर्षानुवर्षं तुम्ही हळूहळू अंगवळणी पाडलेत. एकदम एवढा चढ मात्र कुणी सांगितला होता?"

रिक्षातून उतरून घराच्या दारात आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "माझीच घाई."

ते दिवस घराला फार जड गेले. बाई पळत नसल्या की दुसऱ्या कुणालाही बसू देत नसत. सगळ्या कपाटांची आवराआवर झाली. माळा झाला. काकांना त्यांनी आफ्रिकेतल्या नद्या पाठ करायला लावल्या. पण पुढे पुढे हा जोरही ओसरला. सूज उतरली, डॉक्टरने जाड बुटांत हळूहळू सुरुवात करा असं सांगितलं, तरी बाई उठेनात. काकांनी जाऊन जाड बूट आणले आणि दाराशी ठेवले. बाईंनी त्यांना लोड-तक्के असं नाव ठेवलं आणि हातही लावला नाही. सकाळी गच्चीच्या कठड्याला टेकून धरणाच्या रस्त्याकडे बघत उभ्या राहायच्या. मी मैदानावर जायला निघाले की दुसरीकडे बघायच्या. त्यांना असं बघणं मला फार अवघड वाटायचं.

एका सकाळी मी बुटांचे बंद बांधत होते. काका ते लोड-तक्के घेऊन गच्चीवर आले आणि बाईंच्या समोर, त्यांच्या पायांशी खाली बसले. त्यांना खाली बसायला त्रास व्हायचा, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"पाय दे," ते म्हणाले.

"उठा हो. हे काय?"

"तुझं तत्त्व मला मान्य आहे. तुझ्या तत्त्वापायी मी रेशमी झब्ब्यात गवार आणली. पण ही न पळणारी बाई मला नको. ह्यांत पळ, अनवाणी पळ, कशातही पळ. पण पळ."

बाईंनी ओढणीने डोळे पुसले. मग पाय पुढे केला. बंद काकांनीच बांधले, गाठ चुकीची बसली, बाईंनी ती सोडून परत बांधली आणि त्या जिन्याकडे निघाल्या. "ढब ढब वाजतंय हो," असा त्यांचा आवाज जिन्यातून वर आला, तेव्हा काका अजून खालीच बसले होते. त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला.

शर्यतीची सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. बोलताना तोंडातून वाफा निघतात, तसल्या नाशिकच्या थंडीची. सुरुवातीच्या कमानीपाशी गर्दी झाली होती आणि जिकडे बघावं तिकडे नवे कोरे, पातळ, भडक रंगाचे बूट. सरांनीही काढले होते. त्या दिवशी सगळ्यांच्या पायांत बाईंचे बूट होते आणि बाईंच्या पायांत सगळ्यांचे.

"बाई! आज उलटं कसं?" सर खरोखरच गोंधळले होते.

"डॉक्टरचा हुकूम," बाई म्हणाल्या. "आज तुमचा सण आहे सर. जाऊन या."

मला कामगिरी ठरवून दिलेली होती. मला पळायचं नव्हतं, बाईंना मागे ओढायचं होतं. सुरुवात झाली तशी लोकांची लाट आमच्या अंगावरून गेली आणि बाईंचे पाय आपोआप उचलले गेले. मी त्यांची ओढणी धरली. "बाई, गप्पा." त्या चडफडल्या, पण मंदावल्या. थोड्या वेळाने त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. रस्त्याकडेच्या चहावाल्याला हात केला, एका जुन्या विद्यार्थ्याला नावाने हाक मारली, बंदोबस्तावरच्या पोलिसाला विचारलं, "जेवलास का?" सकाळचे साडेसहा वाजले होते.

अर्धं अंतर झाल्यावर त्या जरा गप्प झाल्या. मी म्हणाले, "बोला बाई, नाहीतर थांबावं लागेल."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. शाळेत पळण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. ड्रिलच्या मास्तरांनी कुठूनतरी त्यांना खरेखुरे शर्यतीचे बूट मिळवून दिले. गावात तसले बूट कुणी बघितलेही नव्हते.

"आईने ते जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवले. डांबरगोळ्या घालून. म्हणाली, मोठ्या शर्यतीला घालायचे, रोज घालून वाटोळं नाय करायचं. कुणी पाहुणं आलं की पेटी उघडून दाखवायची. मी रोज अनवाणी पळायचे, शेतातनं. मग वर्षभराने मोठी शर्यत आली, पुण्याला. तिथं पेटीतनं बूट काढले." बाई हसायला लागल्या. "आणि पायच जाईना आत! बूट होते तसेच होते गं. माझे पाय वाढले होते."

"मग?"

"मग काय, कोंबले. बोटं दुमडून पळाले. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होते. नंतर पायांचं काही कळेचना. शेवटून दुसरी आले. परतताना एसटीत बूट मांडीवर घेऊन बसले होते. घरी पोचले, तर आईने दारातच विचारलं, बूट खराब नाय ना झाले?"

बाई पुढे म्हणाल्या, "मी म्हटलं, नाय आई, नवेच्या नवे हायेत. तिने पुसून परत पेटीत ठेवले. वाईट नव्हती गं ती. तिच्याकडे जपून ठेवण्यासारखं दुसरं होतंच काय? तिची माया तशीच होती. पण मी तेव्हा ठरवलं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ओढणी सोड आता. फाडशील."

मी सोडली. शेवटपर्यंत बाई तशाच, बोलत बोलत पळाल्या. आमच्या मागे फार माणसं उरली नव्हती. कमानीखालून जाताना सर टाळ्या वाजवत उभे होते; ते केव्हाच पोचले होते, आणि बूट काढून त्यांचे पाय चोळूनही झाले होते. तो 'आजी' म्हणणारा तरुण पाणी घेऊन आला. बाईंनी पाणी घेतलं, अर्धं त्यालाच परत दिलं आणि म्हणाल्या, "जमलं बरं का." एका स्वयंसेवक मुलीने त्यांच्या गळ्यात पदक घातलं.

कमानीच्या पलीकडे मोठं मैदान होतं, दवाने ओलं झालेलं गवत. तिथे काका कापडी पिशवी घेऊन उभे होते. बाईंनी कठड्यावर बसून जाड बूट काढले आणि पिशवीतून पपईच्या रंगाचे काढून घातले. डॉक्टरने गवतावर एका फेरीची परवानगी आदल्याच दिवशी दिली होती. हे काकांनी मला सांगितलं नव्हतं.

"आजी, रेस संपली," ती पदकवाली मुलगी म्हणाली. "आता कुठे निघालात?"

"पळायला," बाई म्हणाल्या. गळ्यातलं पदक काढून त्यांनी काकांच्या गळ्यात घातलं आणि गवतात उतरल्या.

पहिली काही पावलं त्यांनी जपून टाकली. मग त्यांचे हात सैल झाले, मान वर झाली. दुखत नव्हतं, हे मला लांबूनही कळलं. काका गळ्यात पदक आणि हातात ते जाड बूट घेऊन बघत राहिले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बाई एवढ्याशा दिसायला लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "चल, आपण चहा घेऊ. एक फेरी म्हणाली आहे खरी, पण तिला वेळ लागेल."